जुन्या शाळेतली नक्षीची फरशी वाचवायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या एका गावात शंभरीला टेकलेली मराठी शाळा आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. मधल्या मोठ्या वर्गाला रंगीत नक्षीची फरशी आहे आणि पुढच्या व्हरांड्यात भिंतीला तीन फूट उंचीपर्यंत फुलांच्या चकचकीत फरश्यांचा पट्टा. पट्ट्याच्या खालच्या दोन ओळींवर पांढरी पूड सुटते, फुलांवरची झिलई टिकल्यांसारखी उडते. वर्गातली फरशी काही ठिकाणी पाय ठेवला की वाजते, काही ठिकाणी हलते. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवलेत. कंत्राटदार म्हणतो, सगळं उपटून व्हिट्रिफाइड टाकू, आठ दिवसांत मोकळे. काय करावं?

उपटू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून यातलं बहुतेक काम वाचवता येण्यासारखं आहे. मात्र जमवलेल्या पैशातला पहिला रुपया फरशीवर खर्च करू नका, तो पाण्यावर करा. ओल जिथून येते ती वाट बंद न करता नवी फरशी बसवली तर तिच्याही कडांना दोन-तीन पावसाळ्यांत पांढरं दिसू लागेल. आणि तोवर जुनी फरशी मलब्यात गेलेली असेल.

आधी हातात काय आहे ते ओळखा. 'टाईल्स' या एका शब्दात आपण निदान तीन वेगळ्या वस्तू कोंबतो आणि एकीचं औषध दुसरीला मारक ठरतं.

वर्गातली फरशी बहुधा सिमेंटची असेल. माप ८ इंच बाय ८ इंच आणि जाडी पाऊण इंचाच्या आसपास, म्हणजे सुमारे २० मिमी असली तर शंका कमी. खात्रीसाठी एक तुटलेली फरशी घ्या, तिची कड ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हात तिरकी धरा. वर ३ ते ४ मिमीचा रंगाचा थर दिसेल. तो पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचा असतो. त्याखाली करड्या रंगाचा बारीक, घट्ट थर आणि तळाला भरड वाळूचा थर. दोन रंगांमधली रेघ वरून सुरीने कापल्यासारखी असते, पण कडेने पाहिलं तर खोलात गेल्यावर किंचित वाकडी होते. याचं कारण बनवण्याच्या रीतीत आहे. पितळी साच्याच्या खणाखणांत पळीने ओला रंग ओततात, साचा अलगद उचलतात, वर सिमेंट-वाळूचं सुकं मिश्रण भुरभुरतात, ते रंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेतं, मग पाठीचा थर भरून सगळं दाबयंत्राखाली दाबतात. या फरशीने भट्टी पाहिलेली नसते. तिची ताकद दाबातून आणि पुढे पाण्यात मुरवण्यातून येते. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली आणि परदेशी फरशीला देशी पर्याय उभा राहिला. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होतं, त्यामुळे १९२० ते ५० या काळातल्या इमारतींत मुंबईकडचा माल मिळणं स्वाभाविक आहे.

व्हरांड्यातल्या फुलांच्या फरश्या वेगळ्या. ६ इंच बाय ६ इंच, जेमतेम ८ ते १० मिमी जाड, पोटात पांढरट किंवा पिवळसर भुसभुशीत माती आणि वर काचेसारखी रंगीत झिलई. फुलं हाताला उठावदार लागतात. अशा फरश्या आधी इंग्लंडहून आल्या. पुढे १९१० नंतर दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानहून मोठ्या प्रमाणावर आल्या. सुटलेल्या एखाद्या फरशीची पाठ धुऊन बघा. इंग्रजीत 'मेड इन जपान' किंवा कारखान्याची खूण दाबलेली असेल तर काळ आपोआप ठरतो. त्या छापाचा फोटो काढून ठेवा, इमारतीच्या नोंदीत तो मोलाचा पुरावा आहे.

तिसरा प्रकार भट्टीत भाजलेल्या, झिलई नसलेल्या भूमितीच्या फरश्यांचा: विटकरी लाल, काळे, बदामी रंगाचे छोटे चौकोन आणि त्रिकोण, मिंटन किंवा मॉ अशा इंग्रज कारखान्यांचे. तुमच्या वर्णनात तो दिसत नाही. असलाच तर आनंदाची गोष्ट, कारण तिघांत सगळ्यात चिवट तोच.

सिमेंट की भाजलेली, हे कोपऱ्यातल्या तुटक्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून कळतं. बुडबुडे आले तर सिमेंट. चांगल्या फरशीवर हा प्रयोग करू नका.

आता पांढऱ्या पुडीबद्दल. हा लोणा आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, बुरशी नव्हे. लोणा पाण्यात विरघळतो. बुरशी विरघळत नाही. जांभा स्पंजासारखा पाणी ओढतो आणि त्या काळच्या भिंतींच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसायचा. जमिनीतलं पाणी क्षार घेऊन भिंतीत चढतं. भिंतीला दोन्ही अंगांनी चुन्याचा गिलावा असेपर्यंत ते पाणी वाफ होऊन निघून जायचं आणि क्षार गिलाव्याच्या पृष्ठावर झडून पडायचे. पुढे कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर प्लास्टिकचा रंग बसला आणि बाहेरची वाट बंद झाली. मग पाण्याला आतल्या फरशीच्या पट्ट्यातूनच बाहेर पडावं लागतं. झिलईतून वाफ जात नाही. ती सांध्यांतून आणि झिलईतल्या केसाएवढ्या चिरांमधून जाते आणि क्षारांचे स्फटिक नेमके झिलईच्या पाठीशी वाढतात. उडालेली एक टिकली उचलून भिंगाखाली बघा. तिच्या आतल्या बाजूला कापसाच्या तंतूंसारख्या पांढऱ्या सुया उभ्या दिसतील. झिलई ढकलून पाडण्याचं काम त्या सुया करतात. एवढं पाहिलं की सांध्यांत पांढरं सिमेंट किंवा इपॉक्सी भरणं का घातक हे वेगळं सांगावं लागत नाही. सांधा बंद केला की उरलेली एकच वाट फरशीच्या पोटातून जाते.

म्हणून पाण्याचं काम आधी. शाळेभोवती एक चक्कर मारा, जमल्यास जुलैच्या धो-धो पावसात. बघण्याच्या जागा चार. एक, मैदानाची पातळी. वर्षानुवर्षं मुरूम टाकून, मग पेव्हर ब्लॉक बसवून मैदान जोत्याच्या बरोबरीला आलेलं असतं आणि आमच्या पाहण्यात खालच्या दोन ओळी खराब होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. भिंतीलगत जमीन व्हरांड्याच्या फरशीपेक्षा निदान ६ इंच खाली हवी आणि बाहेरच्या बाजूला ५० फुटांस १ फूट उतार हवा. दोन, पागोळ्या. कौलांवरून पडणारं पाणी भिंतीजवळ आपटून उडतं. पन्हळ लावा आणि तिचं पाणी नळीने दूर न्या. तीन, फुटकी कौलं आणि दोन छपरांच्या मधली खोलण. चार, पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा आणि मुतारी भिंतीला चिकटून आहे का. मुतारीजवळच्या भिंतीतले क्षार सगळ्यात हट्टी असतात. ती जागा हलवल्याशिवाय पुढच्या कोणत्याही उपायाचा उपयोग नाही.

भिंतीभोवती चर खणून गिट्टी भरण्याचा सल्ला सगळे देतात. खानापूर, बेळगावच्या जांभ्या जमिनीत तो ठीक आहे: फूटभर रुंद, दीड फूट खोल, तळाला उतार आणि शेवटी पाणी काढून देणारी वाट. पण शाळा चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या मातीवर असेल तर असा चर करू नका. त्यात साठलेलं पाणी पायाखालची माती फुगवतं आणि उन्हाळ्यात ती आक्रसते. तिथे तळ आणि बाजू पक्क्या केलेलं उघडं गटारच हवं. काळ्या मातीवरच्या शाळेत फरशीवर एका रेषेत खोलीभर गेलेली चीर दिसली तर ती बुजवण्याआधी तिच्यावर तीन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा ठिपका द्या, तारीख टाका आणि एक पूर्ण वर्ष बघा. उन्हाळ्यात तडकून पावसाळ्यात मिटणारी चीर भरायची नसते. तिथे फरशीच्या दोन तुकड्यांमध्ये चुन्याचा मऊ सांधा ठेवावा.

बाहेरच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा जमिनीपासून साडेतीन-चार फुटांपर्यंत काढा आणि भिंत तशीच उघडी सोडा. किती दिवस? निदान एक कोरडा हंगाम. हे लोकांना पटत नाही, शाळा विद्रूप दिसते म्हणून तक्रारी येतात. पण भिंत सुकणं हाच उपचार आहे आणि तो घाईने होत नाही. दीड फूट जाड जांभ्याच्या भिंतीला सुकायला महिने लागतात.

कामाचं वेळापत्रक इथल्या शाळेच्या वर्षाप्रमाणे लावा. कर्नाटकात शाळा मे अखेरीस उघडतात, महाराष्ट्रासारखा जूनच्या मध्यापर्यंत वेळ मिळत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. म्हणून बाहेरचा गिलावा दिवाळीनंतर पाऊस थांबला की काढायचा, चुना डिसेंबरात भिजत घालायचा, गटार आणि मैदानाची पातळी फेब्रुवारीपर्यंत उरकायची आणि फरशीला हात एप्रिलच्या सुट्टीत. अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची कागदपत्रं आणि एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) ठराव याच काळात पुरा करून घ्या.

पहिली फरशी निघण्याआधी नकाशा तयार हवा. वर्ग २० बाय ३० फुटांचा असेल तर ६०० चौरस फुटांत ८ इंची फरश्या साधारण १,३५० बसतात. व्हरांड्याचा पट्टा ४० फूट लांब, ३ फूट उंच असेल तर ६ इंची ४८०. आलेखाच्या कागदावर प्रत्येक फरशीला एक चौकोन. ओळींना आणि रकान्यांना दोन्हीकडे आकडेच द्या, अक्षरं नकोत. इथे गवंडी मराठी वाचणारा असतो तसा कन्नड वाचणाराही असतो. खुणा सुद्धा चिन्हांच्या ठेवा: पोकळ वाजली तर गोल, हलते तर फुली, तुटली तर तिरपी रेघ, लोणा तर ठिपके, गहाळ तर भरीव चौकोन. पोकळी तपासायला थापीची लाकडी मूठ पुरते. भरीव फरशी 'टक्' म्हणते, पोकळ 'ढप'. दर चार-सहा फरश्यांचा एक फोटो, शेजारी पट्टी ठेवून, सरळ वरून.

वर्गाच्या फरशीबाबत एक नियम: वाजते म्हणून काढायची नाही, हलते म्हणून काढायची. ऐंशी-नव्वद वर्षांत चुन्याचा थर थोडाफार सुटतोच. कडा शेजाऱ्यांना धरून असतील तर अशी फरशी आणखी पन्नास वर्षं जाईल. नकाशावर गोलांची संख्या पाहून घाबरून सगळा वर्ग उकलायला घेतला की निम्म्या फरश्या काढतानाच तुटतात.

हलणारी फरशी काढायची ती आधीच तुटलेल्या किंवा गहाळ जागेपासून. त्या रिकाम्या जागेतून शेजारच्या फरशीच्या पोटाखाली शिरता येतं. सांध्यातला चुना हॅक्सॉच्या पात्याने खरवडा. एक इंची पातळ पटाशी फरशीखाली आडवी सरकवा आणि रबरी हातोडीने हळूहळू मारा. टोक वर उचलायचं नाही, फक्त पुढे ढकलायचं. जुनी चुन्यात बसवलेली फरशी यातून अख्खी निघते. मधल्या काळात कुणी सिमेंटमध्ये बसवलेली असेल तर ती बहुतेक वेळा निघत नाही. ती भक्कम असेल तर राहू द्या. काढलेल्या प्रत्येक फरशीच्या पाठीवर ओळ-रकान्याचा आकडा आणि वरची दिशा दाखवणारा बाण पेन्सिलीने लिहा. चार फरश्यांत पुरी होणाऱ्या नक्षीत एक जरी नव्वद अंशांनी फिरली तरी सगळा गालिचा बिघडतो.

चुन्याबद्दल जरा विस्ताराने, कारण गाडी इथेच अडते. "चुना कुठे मिळतो आता, सिमेंटच मारू" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, मिळते. ती ताजी, खणखणीत खडे असलेली घ्या. दुकानातली रंगाच्या चुन्याची पुडी चालणार नाही, ती हवा खाऊन मेलेली असते. पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुनकळी थोडी थोडी सोडा. उलट केलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे सक्तीचे, आणि शाळेत काम असल्याने पिंपाला झाकण व कुलूपही. ढवळून बारीक जाळीतून गाळा आणि वर दोन इंच पाणी राहील असं निदान महिनाभर ठेवा. लोण्यासारखा झाला की तयार.

सुरखीसाठी नीट भाजलेली पण जास्त न भाजलेली वीट दळा. जांभळट काळी झालेली वीट नको, तिची पूड नुसती वाळूसारखी पडून राहते, चुन्याला धरत नाही. वाळू नदीची धुतलेली. एम-सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, वापरायची वेळ आली तर तिच्यातली पिठी धुऊन काढा. गोवा किंवा कारवारकडून आलेली समुद्राची वाळू स्वस्त मिळाली तरी दारात उतरवू नका, ती मीठ घेऊनच येते. पाण्याचंही तेच. चिकोडी-रायबागच्या ऊस पट्ट्यात बोअरचं पाणी अनेक ठिकाणी खारं आहे. ते चुन्यात घातलं तर लोणा तुम्ही स्वतःच आत भरला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, त्याने तपासा आणि पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं गोडं पाणी वापरा.

बसवण्याचं मिश्रण: १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. १०० चौरस फुटांवर इंचभर थर द्यायचा तर सुकं मिश्रण सुमारे ११ घनफूट लागतं, म्हणजे पावणेतीन घनफूट चुना, तेवढीच सुरखी आणि साडेपाच घनफूट वाळू. हे चुना मळायच्या घाण्यात किंवा मिक्सरमध्ये अर्धा तास तरी मळा. पाणी वाढवून मऊ करायचं नाही, मळून मऊ करायचं. चांगलं मळलेलं मिश्रण उलट्या थापीला चिकटून राहतं. गवंडी कन्नडभाषक असेल तर 'सुण्ण' (चुना) आणि 'उसुकु' (वाळू) हे दोन शब्द आणि भागांचे आकडे फळ्यावर खडूने लिहून ठेवा, नाहीतर सवयीने सिमेंटची पाटी आत पडते. थोडं सिमेंट घातलं तर काय बिघडतं, असं विचारतात. बिघडतं हे की फरशीपेक्षा तिचं अंथरूण कडक होतं. मग जमीन हलली की चीर सांध्यात न जाता फरशीत जाते.

खालचा जुना कोबा शाबूत असेल तर झाडून, पाणी शिंपडून दमट करा. साचलेलं पाणी नको. सिमेंटची फरशी पाण्यात बुडवून ठेवू नका, एकदा बुचकळून काढा आणि पाठ पुसा. मिश्रणाचा थर पसरून पाणसळ बघा, फरशी ठेवा, रबरी हातोडीने मधोमध दोन-चार ठोके. कोपऱ्यावर मारलं की कोपरा जातो. शेजारची फरशी चिकटवायची नाही, १ ते दीड मिमीचा सांधा ठेवायचा, त्यासाठी जुन्या पत्रिकांचं जाड कार्ड मधे धरलं तरी चालतं. व्हरांड्यात बाहेरच्या बाजूला ८० ते १०० फुटांस १ फूट उतार. दरजा दुसऱ्या दिवशी भरा: गाळलेला चुना आणि संगमरवराची बारीक पूड सम भाग. रंगीत ग्राउट सिमेंटच्या फरशीला लावूच नका. फरशी तो रंग पिते आणि पांढऱ्या पाकळ्यांवर कायमची काळपट कड उमटते. आठ-दहा दिवस ओलं ठेवताना गोणपाट टाकू नका, त्याचा तांबूस डाग उठतो. जुनी पांढरी सुती धोतरं धुऊन अंथरा. सात दिवस पाय नको, बाकडी महिन्याने.

आता भिंतीचा पट्टा. हे काम अधिक नाजूक आहे. सगळ्यात आधी बघा, फरश्यांवर ऑइल पेंट चढलाय का. पुष्कळ शाळांत कधीतरी सगळ्या भिंतीला कमरेपर्यंत चॉकलेटी रंग दिला गेला आणि फुलं त्याखाली गेली. तो रंग काढायला पॉलिश पेपर नको, गॅसची बत्ती तर अजिबात नको. उष्णतेने झिलई तडकते. जेलसारखं रंग काढायचं रसायन लावा, झाकून ठेवा, बांबूच्या चपट्या कामटीने खरवडा. उठावदार फुलांच्या खळग्यांत दातांचा मऊ ब्रश. जुन्या झिलईत शिसं असतं आणि जुन्या ऑइल पेंटमध्येही असू शकतं, म्हणून कोरडं घासणं किंवा ग्राइंडर लावणं बंद. सगळं ओलं करून, एन-९५ मास्क लावून आणि मुलं नसताना. खाली प्लास्टिक अंथरून निघालेला गाळ गोळा करा, मैदानात झाडून टाकू नका.

पोकळ पण जागेवर असलेल्या फरश्या काढू नका, मागे चुना भरा. सांध्यांत ४ मिमीची भोकं पाडा, फरशीत कधीही नाही. आधी पाणी आणि स्पिरिट सम भाग घेऊन सिरिंजने आत सोडा म्हणजे धूळ बसते आणि वाट ओली होते. मग मलमलीतून गाळलेला चुना आणि सुरखीची वस्त्रगाळ पूड सायीएवढी पातळ करून ५० मिलीच्या सिरिंजने खालच्या भोकातून भरा. वरच्या भोकातून डोकावली की थांबा, तिथे कापसाचा बोळा लावा आणि वर चढा. एका वेळी एका फरशीमागे थोडंच भरायचं, जोर केला तर फरशी पुढे येते. वर मऊ कापड, त्यावर फळी आणि टेकू देऊन तीन दिवस सोडा. चुना आक्रसतो, म्हणून आठवड्याने पुन्हा एकदा भरावं लागतं.

लोणा लागलेल्या खालच्या दोन ओळी मात्र काढाव्याच लागतील. सांधे कापून फरशीमागे मासेमारीची नायलॉन दोरी किंवा बारीक तार आडवी घालून करवतीसारखी ओढली की जुना चुना सुटतो. निघालेल्या फरश्या गोड्या पाण्याच्या टबात उभ्या ठेवा, एकमेकींना टेकणार नाहीत अशा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि प्रत्येक वेळी टीडीएस लिहा. आकडा ताज्या पाण्याच्या आकड्याजवळ येऊन थांबला की क्षार निघाले. तीन-चार आठवडे धरून चला. झिलई सुटू पाहत असेल तर ती फरशी टबात घालण्याआधी जाणकार संरक्षकाला दाखवा. तोवर उघड्या भिंतीवर लेप द्या: १ भाग कागदाचा लगदा, २ भाग चिनी माती, १ भाग धुतलेली बारीक वाळू, खारं नसलेल्या पाण्यात मळून अर्धा इंच जाड. तो पूर्ण सुकून स्वतः सुटेपर्यंत थांबा. सुकताना पाणी बाहेर ओढतो आणि क्षार त्यात येऊन बसतात. पडलेला लेप पुन्हा वापरू नका. तीन वेळा केल्यावर पांढरं कमी झालं नाही तर पाणी अजून चालू आहे असं समजा आणि फरशी बसवण्याचं काम पुढच्या वर्षावर ढकला. त्या उन्हाळ्यात तिथे नुसता चुन्याचा गिलावा द्या. तो क्षार पिऊन झडेल, त्याला झडू द्या.

गहाळ फरश्यांचं काय? सिमेंटच्या नक्षीची नक्कल आजही हाताने बनते. कारखान्याला दोन अख्ख्या फरश्या, नक्षीचा कागदावर काढलेला मापाचा ठसा आणि जाडी द्या. साचा नवा करावा लागला तर खर्च त्याचाच जास्त असतो, म्हणून मोजून लागतील त्यापेक्षा पंचवीस-तीस टक्के जादा एकदमच करून घ्या. रंग ओल्या फरशीवरून ठरवू नका, वाळलेला नमुना मागवा आणि वर्गातच, खिडकीच्या उजेडात जुन्या फरशीशेजारी ठेवून बघा. पाठीवर वर्ष घालायला सांगा, पुढे कुणाला जुनं-नवं कळावं म्हणून. आणि नवी फरशी वर्गाच्या मधोमध लावू नका. व्यासपीठाखाली, कपाटामागे कोऱ्या राहिलेल्या जुन्या फरश्या असतातच. त्या मधे आणा आणि नव्या तिकडे टाका.

फुलांच्या झिलईदार फरशीला तसा सोपा पर्याय नाही. फोटो छापलेल्या फरश्या बाजारात मिळतात, पण उठाव नसल्याने दुरूनच पॅच दिसतो. माझं मत: गहाळ जागी त्याच जाडीचा, शेजारच्या रंगाच्या छटेत बसणारा चुन्याचा सपाट गिलावा द्या. खानापूरला मातीकामाची जुनी परंपरा आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाचं कुंभारकामाचं केंद्रही तिथेच आहे. तिकडच्या कारागिरांकडून साच्याची फरशी करून घेण्याचा विचार जरूर करा. पण आधी दहा-बाराच करून एक पावसाळा भिंतीवर ठेवून बघा, कारण मातीचं आकुंचन आणि झिलईचं आकुंचन जुळलं नाही तर वर्षभरात बारीक जाळं पडतं.

रोजची निगा सोपी आहे आणि नुकसानही रोजच्याच सवयींनी होतं. शौचालयाला वापरतात ते ऍसिड सिमेंटच्या फरशीवर पडलं की रंगाचा थर खातं. पाणी मारून धुतलं तरी गेलेला थर परत येत नाही. साधा, तीव्र नसलेला साबण आणि ओलं फडकं पुरे. मशीनने पॉलिश केल्यावर पहिल्या दिवशी फार छान दिसतं, पण रंगाचा थर मुळात ३-४ मिमीचा आणि शंभर वर्षांच्या पायांनी त्यातला काही आधीच गेलेला. शक्यतो टाळाच. चमक हवी तर पूर्ण सुकल्यावर मेणाचा अगदी पातळ हात, सुती कापडाने घासून. इपॉक्सी किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) आवरण तळमजल्यावर नको. खालची ओल अडते आणि फरशी पांढुरकी पडते. बाकड्यांच्या लोखंडी पायांना रबरी बूट घाला. एवढ्या छोट्या खर्चात फरशीचं आयुष्य सगळ्यात जास्त वाढतं.

कंत्राटात दोन ओळी लिहून घ्या. पहिली, काढलेली प्रत्येक अख्खी आणि अर्धी फरशी शाळेची मालमत्ता. जुन्या फरश्यांना बाजार आहे आणि 'मलबा' या नावाखाली त्या ट्रॉलीत जातात. उरलेल्या फरश्या लाकडी खोक्यात उभ्या, मधे कागद घालून, वर नकाशाची प्रत ठेवून मुख्याध्यापकांच्या कपाटात. दुसरी ओळ, बिलाचे दहा टक्के एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायचे. पुढच्या ऑगस्टमध्ये तोच नकाशा घेऊन थापीच्या मुठीने पुन्हा सगळं वाजवा, खालच्या ओळींवर बोट फिरवा. बोटाला पांढरं लागलं नाही आणि नवी फुली पडली नाही, तर उरलेले पैसे द्या.